हरणाबाईंच्या ओठांवर न आलेले नाव

नमन त्या नावाला, जे एका घरात उठले-बसले, चुलीपाशी जेवले, दावणीशी राबले, आणि तरीही त्या घरच्या माउलीच्या ओठांवर कधी आले नाही. आम्ही कीर्तनकार मंडळी नाव उधळणारी. टाळ वाजला की नाम, मृदंग घुमला की नाम, श्वास घेतला की नाम. हरणाबाई मात्र नाव साठवणाऱ्या. आम्ही जे चौकात वाटतो, ते त्यांनी पदराच्या गाठीत बांधून ठेवले. आणि ती गाठ सोडवायला शेवटी एक यंत्र आले. त्या गाठीची आणि त्या यंत्राची ही हकिकत.

ईट गावाच्या पुढे, बालाघाटाच्या उतारावर एक लहानसे गाव आहे. तिथे बलभीम तांबारे यांचे घर, घरामागे म्हशींचा गोठा आणि गोठ्याला लागून खव्याची भट्टी. म्हशी बलभीमांच्या, भट्टी हरणाबाईंची. नवी नवरी म्हणून त्या या घरात आल्या आणि सासूच्या हातातले लोखंडी उलथने त्यांच्या हाती आले, ते अजून तिथेच आहे. बाभळीच्या जाळावर कढई ठेवावी, दूध ओतावे आणि मग हात थांबू देऊ नये. दूध खदखदते, दाटते, कडेने चिकटू पाहते. हरणाबाईंचे उलथने त्याला चिकटू देत नाही. त्यांच्या खव्याच्या गोळ्याला कधी करपल्याचा वास आला नाही. देवाच्या दारी नैवेद्य न्यावा इतक्या निगुतीने त्या तो गोळा फडक्यात बांधतात.

आता त्यांच्या व्रताविषयी. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, एवढ्यावर त्यांचे भागले नाही. नवरा पडला बलभीम, आणि बलभीम म्हणजे साक्षात मारुतराया. गावच्या पारावर त्याचेच देऊळ. हनुमान जयंतीच्या कीर्तनात सारा गाव बलभीमाचा जयजयकार करतो, तेव्हा हरणाबाई नुसत्या टाळ्या वाजवतात. देवाला त्या ‘अंजनीचा लेक’ म्हणतात. अंगात बळ उरले नाही असे त्या म्हणणार नाहीत, ‘ताकद’ म्हणतील. भीमा नदीला त्या ‘उजनीची नदी’ म्हणतात. पांडवांची कथा नातवंडांना सांगताना धर्म, मग ‘धर्माचा धाकटा’, मग अर्जुन, असा त्यांचा क्रम लागतो. देवाच्या नावापाशी ओठ मिटणारी बाई नास्तिक म्हणावी, तर नवऱ्याच्या रूपाने तिने देवालाच घरात कोंडून ठेवलेले. शास्त्रीबुवांनी याचा निवाडा करावा. मला तो जमलेला नाही.

हरणाबाईंचा खवा गावाजवळच्या फाट्यावरच्या संकलन केंद्रात जाई. आसपासच्या भट्ट्यांचा खवा तिथे तपासला जातो, थंड खोलीत ठेवला जातो आणि पुण्याच्या मिठाई कंपनीकडे रवाना होतो. केंद्राची व्यवस्थापक राजेश्वरी. परंड्याची मुलगी, उदगीरला दुग्धतंत्र शिकलेली, कामात चोख आणि स्वभावाने हसरी. दारावर धुळाप्पा पहारेकरी. फेटा, मिशा आणि दांडका या तिन्ही गोष्टी एकाच मापाच्या.

दुसऱ्या एका जिल्ह्यात कुणीतरी चांगल्या पुरवठादाराच्या नावावर भेसळीचा खवा घुसवला, कंपनीची बदनामी झाली, आणि मग कंपनीने सगळ्या केंद्रांवर कृत्रिम बुद्धिमत्ता बसवली. दारावर कॅमेरा, तो धोका ओळखणार. संगणकात हिशेब, तो प्रत्येक पुरवठादाराची जोखीम ठरवणार: भरवशाचा तो हिरवा, संशयाचा तो पिवळा, धोक्याचा तो तांबडा. तांबड्यासाठी दारावरचा आडवा दांडा उचलायचाच नाही. आठवडाअखेर तांबडाच राहिला, तर सोमवारी खाते बंद. रोज संध्याकाळी यंत्र स्वतः फोन करणार, गोड बाईच्या आवाजात खातेदाराचे नाव विचारणार आणि उद्या किती खवा येणार ते लिहून घेणार. कोणता रंग कुणाला, हे व्यवस्थापकाच्या हाती नाही. नाहीतर, कंपनी म्हणाली, सगळे मेहुणे हिरवे होतील. कंपनीला आपली माणसे ठाऊक होती.

हे सारे राजेश्वरीने पुरवठादारांच्या बैठकीत समजावून सांगितले. शेवटी ती म्हणाली, “थोडक्यात, आता सगळ्यांवर एआयचं लक्ष राहील.”

“कुणाच्या आयचं?” हरणाबाईंनी विचारले.

बैठक हसली. त्या दिवसापासून त्या यंत्राचे नाव ‘आय’ पडले ते पडलेच. आता आपल्याकडे आय म्हटली की लेकराचे सगळे आधीच जाणणारी. ही आय तशी नव्हती. पहिल्याच दिवशी केंद्राच्या आवारात शेळ्यांचा कळप शिरला, तर हिने ‘गटाने घुसखोरी’ असा इशारा पुण्याला पाठवला. धुळाप्पाने फेटा काढून डोके पुसले, तर ‘पहारेकरी जागेवर नाही, अनोळखी व्यक्ती उभी आहे’ असे कळवले. धुळाप्पा दोन दिवस फेटा बांधूनच तोंड धूत होता.

मग एका संध्याकाळी हरणाबाईंचा फोन वाजला. खाते बलभीमांच्या नावावर, कारण म्हशी त्यांच्या नावावर. फोन मात्र हरणाबाईंच्या कमरेला, कारण बलभीमांना फोन कानाला लावला की समोरचा माणूस कुठे उभा आहे तेच कळत नाही.

“नमस्कार. खातेदाराचे नाव सांगा,” आय म्हणाली.

“आमच्या ह्यांचं हाय खातं,” हरणाबाई म्हणाल्या.

“कृपया खातेदाराचे नाव सांगा.”

“सोनालीचे बाप वो. सोनाली माझी लेक.”

“कृपया खातेदाराचे नाव सांगा.”

“आता कसं सांगू बाई तुला. मारुतीचं नाव हाय त्यांचं. पारावर देऊळ न्हाय का? त्यो अंजनीचा लेक.”

“उत्तर जुळले नाही. धन्यवाद.”

हरणाबाईंनी फोनकडे पाहिले. “लई घाई हाय तिला,” त्या म्हणाल्या आणि उलथने हाती घेतले.

चार संध्याकाळी असेच झाले. पाचव्या दिवशी बलभीम दुचाकीवर खवा घेऊन केंद्रावर गेले, तर दारावरचा दांडा वर जाईना. धुळाप्पाने दांडा हलवून पाहिला, यंत्राला दोन शब्द सुनावले आणि शेवटी राजेश्वरीला हाक मारली. राजेश्वरीने पडदा पाहिला. बलभीम तांबारे यांच्या नावापुढे तांबडा ठिपका जळत होता.

केंद्र बंद करून ती संध्याकाळी स्वतः भट्टीवर आली. खव्याचा तो गोळा परत आलेला, हरणाबाईंनी तो शेजारीपाजारी वाटून टाकलेला. नागूबाई शेजारीण वाटी घेऊन अजून तिथेच बसलेल्या.

“मावशी, तुमच्याविषयी यंत्रानं काय लिहिलंय ते वाचून दाखवू का?” राजेश्वरी म्हणाली. “‘एकाच खात्यामागे अनेक व्यक्ती आढळतात. सोनालीचे बाप, मारुती, आमचे हे, तसेच अंजनी नावाची नोंद नसलेली स्त्री. ओळख लपवली जात आहे. जोखीम तीव्र.’”

नागूबाईंनी वाटी खाली ठेवली. “अगं बया, हरणे, तुला चार नवरे?”

“गप गं तू. एकाचंच भागविता भागविता हाडं झिजली माझी.”

दावणीशी वैरण टाकणारे बलभीम सावकाश वळले. “ही अंजनी कोण?”

“तुमची आय,” हरणाबाई म्हणाल्या. “देवळातली.”

राजेश्वरी हसली, पण लगेच गंभीर झाली. “मावशी, सोमवारी खातं बंद होईल. मग तुमचा खवा मला घेता येणार नाही. एकदा नुसतं नाव सांगा. माणसाला नाही, यंत्राला.”

“यंत्राला कान हायत न्हवं?”

“आहेत.”

“मग झालं तर.”

यावर तोड म्हणून पहिला उपाय निघाला तो बलभीमांनी फोन घेण्याचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना आंघोळ घालून, टोपी चढवून, बाजेवर बसवले. जणू पाहुणा पोरगी पाहायला यायचा होता. फोन वाजला. आयने नाव विचारले. बलभीमांनी फोन कानाशी घट्ट दाबला आणि ते गरजले, “कोण बोलतंय? तू कुणाची गं?”

“कृपया खातेदाराचे नाव सांगा.”

“आधी तुझं सांग की. गाव कोणतं?”

“उत्तर जुळले नाही. धन्यवाद.”

“बोलाय चांगली हाय,” बलभीम म्हणाले, “पर घरचं वळण न्हाय.”

दुसरा उपाय राजेश्वरीचा. खातेच हरणाबाईंच्या नावावर करू. खवा त्या करतात, हात त्यांचा, कसब त्यांचे. नावही त्यांचेच असावे. तिच्या बोलण्यात प्रेम होते आणि न्यायही होता. हरणाबाईंनाही ते पटले. आपले नाव आपण घ्यायला कुणाची बंदी? पण जुनी खाती दोन शब्दांवर चालत, नव्या खात्याला मात्र आयला पूर्ण नाव हवे होते. हरणाबाई, मग बलभीम, मग तांबारे. देवाच्या लीलेला काय म्हणावे. बायकोच्या नावाच्या पोटातच नवरा बसलेला, आणि त्याला ओलांडल्याशिवाय आडनावाला पोहोचता येत नाही.

“मधलं सोडून सांगितलं तर?” हरणाबाईंनी विचारले.

“अपूर्ण म्हणून तांबडा.”

तिसरा उपाय नागूबाईंचा. उखाणा. उखाण्यात नाव घ्यायला धर्माची आडकाठी नाही, लाजेची सोय आहे आणि सगळे नीट जुळवता येते. हरणाबाईंनी दुपारभर उलथने फिरवत उखाणा बांधला. संध्याकाळी पदर डोक्यावर घेतला, पूर्वेला तोंड केले आणि फोनमध्ये सुरू झाल्या:

“बाभळीचा जाळ, म्हशीचं दूध, कढई घासून केली लख्ख…”

“उत्तर स्पष्ट नाही. धन्यवाद.”

दुसरी ओळ हरणाबाईंच्या तोंडातच राहिली. ती अशी होती, की नावापुढे राव लावून ते घ्यायचे आणि ‘आय, तुझा माझ्यावर हक्क’ म्हणून संपवायचे. नाव अगदी जिभेच्या टोकावर आले होते. ते तिथून त्यांनी परत आत नेले.

“पुन्यांदा म्हण की,” नागूबाई म्हणाल्या.

“उखाणा का दोनदा घेत्यात? तिला ऐकायचंच न्हाय.”

इथवर हसण्यावारी होते. शनिवार उजाडला तेव्हा हसणे संपले. म्हशींना तांबडा-हिरवा कळत नाही. त्या दूध देतच होत्या. डेअरीला घातले तर चालले असते, बलभीमांनी तसे सुचवलेही. पण मग भट्टी थंड पडणार, कढई पालथी होणार आणि ज्या हाताला थांबू नको असे सासूने शिकवले, तो हात मांडीवर नुसता पडून राहणार. हरणाबाई भट्टीपुढे बसल्या होत्या. बलभीम जवळ येऊन टेकले.

“घे की एकदा,” ते हलकेच म्हणाले. “म्या काय रागावतो व्हय? आन् रागावलो तरी यंत्राम्होरं काय चालतंय माझं.”

“तुमाला न्हाय कळायचं.”

“मग कळंल असं सांग.”

हरणाबाईंनी जाळ सारखा केला. “मी हितं आले तवा अंगावर माझं म्हणावं असं काय बी न्हवतं. लुगडं सासूचं, भांडं सासूचं, भट्टी सासूची. तुमचं नाव तेवढं मी माझ्यापशी ठेवलं. समद्या गावानं हाक मारावी, मी मारू नये. माझं येगळं.”

बलभीमांना हे उमगले की नाही, देव जाणे. त्यांनी एक ओंडका भट्टीत सारला.

“उद्या सांजच्याला घेते,” हरणाबाई म्हणाल्या. “कढई पालथी न्हाय घालायची. घेते.”

आम्ही सांगतो की नाम घ्या, तरून जाल. इथे नाम घेतले तर भट्टी तरणार होती आणि बाई मनात बुडणार होती. रविवारी त्यांनी देवळात जाऊन अंजनीच्या लेकाला नारळ वाढवला आणि आधीच क्षमा मागून ठेवली. संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसल्या. अंधार पडला. म्हशींची धार झाली. फोन वाजलाच नाही.

“तिनं बी सोडलं आपल्याला,” हरणाबाई म्हणाल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, हे मला नागूबाईंनी सांगितले.

सोमवारी सकाळी राजेश्वरी केंद्रावर आली ती खाते बंद करावे लागणार म्हणून जड मनानेच. तिने पडदा उघडला. बलभीम तांबारे यांच्यापुढे हिरवागार ठिपका. पोपटाच्या पिसासारखा. तिने डोळे चोळले आणि धुळाप्पाला आत बोलावले.

“धुळाप्पा, मावशींनी नाव सांगितलं वाटतं.”

“कुणी? हरणाआक्कानं?” धुळाप्पाने दांडका भिंतीला टेकवला. “मॅडम, सूर्य उगवला का बघून येतो.”

यंत्रात प्रत्येक बोलण्याची नोंद राहते. रविवारी दुपारी बाहेरून आलेल्या फोनचे बोलणे राजेश्वरीने लावले. एका बाईचा आवाज, स्वच्छ आणि चटपटीत: “मी हरणाबाई बोलते, बलभीम तांबारेंची बायको. आमचा जुना नंबर बंद पडलाय, हा नवा लिहून घ्या. आणि उद्यापासून आमचा खवा टेम्पोनं येईल.”

“खातेदाराचे नाव सांगा,” आय म्हणाली.

“बलभीम तांबारे.”

“उत्तर जुळले. धन्यवाद.”

धुळाप्पाने कानांना हात लावले. “एका दमात दोनदा नाव घेतलं. ही आक्का न्हाय, मॅडम. आक्काला इस्तवावर उभी केली तरी न्हाय घ्यायची.”

आवाज ओळखण्याची सोय यंत्रात अजून यायची होती. ते फक्त शब्द जुळवत होते. पुरवठादारांची नावे केंद्राच्या दर्शनी भिंतीवर रंगवलेली, बलभीमांचे सगळ्यांत वर. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावे आणि बोलावे. राजेश्वरी हसली नाही. तिने तपासणीची बाटली खिशात घातली आणि दारावर जाऊन उभी राहिली.

टेम्पो आला. कॅमेऱ्याने पाहिले, यंत्राने हिरवा दिला, दांडा अदबीने वर गेला. धुळाप्पाने तो हाताने खाली ओढला.

“कुणाचा खवा?” राजेश्वरीने विचारले.

“बलभीम तांबारेंचा,” चालक म्हणाला.

“बलभीममामा ओळखीचे आहेत का?”

“लई. परवाच फोनवर तासभर बोललो की.”

धुळाप्पाने मिशी पुसली. राजेश्वरीने एका गोळ्याचा तुकडा काढला, कोमट पाण्यात कालवला, त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. पांढरा खवा पाहता पाहता निळा झाला, कृष्णजन्माष्टमीला रंगवलेल्या बाळासारखा. पिठाची भेसळ. चालकाने तो रंग पाहिला आणि टेम्पो तिथेच टाकून ज्वारीच्या रानातून जो पळाला, तो धुळाप्पाला काही सापडला नाही. टेम्पो मात्र पोलिसांना सापडला, आणि टेम्पोवरून पुढची माणसेही.

दुपारी राजेश्वरीने पुण्याला फोन लावला. तिचे बोलणे धुळाप्पाने दाराशी उभे राहून ऐकले, म्हणून मला सांगता येते. ती म्हणाली, “साहेब, यंत्र वाईट नाही. प्रश्न आपला चुकला. भिंतीवर लिहिलेलं नाव चोरानं सांगितलं आणि तो हिरवा झाला. ज्या बाईच्या घरात ते नाव नांदतं, तिला सांगता आलं नाही आणि ती तांबडी झाली. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर फक्त त्या घरात माहीत असेल. ज्यानं त्यानं आपला प्रश्न आपण निवडावा.”

पुण्याचे साहेब विचार करतो म्हणाले. त्यांच्या मातोश्रीही कधी साहेबांच्या वडिलांचे नाव घेत नसाव्यात. कारण संध्याकाळच्या आत मंजुरी आली. जुना नंबर परत लागला, तांबडा ठिपका गेला आणि राजेश्वरी भट्टीवर हजर झाली.

“मावशी, तुमचा प्रश्न तुम्ही सांगा. काय विचारू दे तिला?”

हरणाबाईंनी क्षणभरही वेळ घेतला नाही. “आमच्या थोरल्या म्हशीचं नाव विचार म्हणावं. हिकडच्या माणसाबिगर कुणाला ठावं न्हाय.”

आता रोज संध्याकाळी फोन वाजतो. आय विचारते, “तुमच्या थोरल्या म्हशीचे नाव सांगा,” आणि हरणाबाई खणखणीत आवाजात सांगतात. काय सांगतात, ते मी इथे लिहिणार नाही. लिहिले तर उद्या कुणीतरी टेम्पो घेऊन येईल.

बलभीम मात्र पहिल्या दिवशी जरा दुखावले. “म्हशीचं नाव लगोलग येतंय तोंडात,” ते बाजेवरून म्हणाले.

“तिच्यासंगं माझं लगीन न्हाय झालं,” हरणाबाई म्हणाल्या.

पण खरी गंमत त्यापुढची. खाते अजून बलभीमांच्याच नावावर आहे, आणि उत्तर बरोबर आले की आय आता खातेदाराचे नाव घेऊन आभार मानते. “उत्तर जुळले. धन्यवाद, बलभीम,” असे ती गोड आवाजात हरणाबाईंच्या कानात म्हणते. पहिल्या दिवशी त्यांनी दचकून पदर सावरला आणि म्हणाल्या, “हिला काय लाज न्हाय.” उत्तर जुळले म्हटल्यावर फोन ठेवायला हरकत नसते, राजेश्वरीने तसे त्यांना सांगितले आहे, नागूबाईंनीही दोनदा आठवण करून दिली. हरणाबाई ठेवत नाहीत. जाळ कमी करतात, उलथने कढईच्या काठाला टेकवतात, फोन कानाशी जरा घट्ट धरतात, आणि आय शेवटचा शब्द बोलेपर्यंत थांबतात.